कै. वसंतराव देशपांडे : पंचेचाळिशीनंतर उमललेले गाणे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची व स्त्रियांची ओळख नव्या पिढीस व्हावी हा त्यातील हेतू. यंदा मात्र ज्ञातीची मर्यादा किंचित बाजूस ठेवून, ज्यांचा कंठ आपल्या या नागपूर शहरात प्रथम घडला, त्या कै. वसंतराव देशपांडे यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. नागपूरकर या नात्याने त्यांच्यावर आपणां सर्वांचाच हक्क आहे.

हे चरित्र निवडण्यास आणखी एक कारण घडले. मंडळाच्या कामानिमित्त सभासदांच्या घरी जाण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार येतो. अनेक घरांत पलंगाखाली एखादी बाजाची पेटी असते, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला डग्गा असतो, कपाटावर रंग वाळून गेलेली चित्रकलेची पेटी असते. चौकशी केली म्हणजे घरचे वडीलधारे संकोचाने हसतात आणि ते सारे नोकरी लागण्यापूर्वीचे असे सांगून विषय बदलतात. कोणी रेल्वेत, कोणी टपाल खात्यात, कोणी महालेखापालांच्या कचेरीत आयुष्य घालविलेले असते. जी गोष्ट तिशीत सुटली ती साठीत पुन्हा हाती धरण्याची त्यांस लाज वाटते. वसंतरावांचे चरित्र या लाजेवर उत्तम औषध आहे, अशी आमची नम्र समजूत आहे.

बालपण व मातोश्री

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील हे गाव, अचलपूर व यवतमाळकडे पूर्वी जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीचे जंक्शन म्हणून वऱ्हाडात सर्वांस ठाऊक आहे. वसंतरावांचे बालपण मात्र नागपुरात गेले. त्यांच्या मातोश्री राधाबाई यांनी मुलास एकटीच्या हिमतीवर वाढविले. त्या काळी स्त्रीने स्वतंत्रपणे संसाराचे ओझे उचलणे किती कठीण होते, हे आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांस वेगळे सांगावयास नको. पोटापाण्याची चिंता डोक्यावर असताही त्या माउलीने मुलाच्या गळ्यातील सूर ओळखला व त्यास शिक्षण मिळेल अशी तजवीज केली. वसंतरावांच्या यशाचा हिशेब मांडावयाचा झाल्यास पहिली रक्कम राधाबाईंच्या नावे जमा धरावी लागेल.

नागपुरात शंकरराव सप्रे हे गायनाचे नामांकित शिक्षक होते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या परंपरेत त्यांचे शिक्षण झाले होते आणि ग्वाल्हेर घराण्याची शिस्तबद्ध तालीम ते विद्यार्थ्यांस देत असत. वसंतराव त्यांच्यापाशी शिकू लागले. त्याच वर्गात रामचंद्र चितळकर नावाचा दुसरा एक हुशार विद्यार्थी होता. पुढे हिंदी चित्रपटसृष्टीत सी. रामचंद्र या नावाने संगीत दिग्दर्शक म्हणून ज्यांनी कीर्ती मिळविली तेच हे. एका गुरूपुढे बसलेल्या दोन मुलांपैकी एकाचे भाग्य तरुणपणीच उजळले. दुसऱ्यास त्याकरिता फार मोठा वळसा घ्यावा लागला.

तसे पाहता दुसऱ्याच्या वाट्यासही कौतुक लवकरच आले होते. विख्यात चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांनी या मुलातील तेज हेरले आणि १९३५ साली आलेल्या ‘कालिया मर्दन’ या हिंदी चित्रपटात त्यास श्रीकृष्णाची भूमिका दिली. मूल गात असते तेव्हा ते कोणत्या घराण्याचे गाते, लोक काय म्हणतील, यांतून पैसा किती मिळेल, हे प्रश्न त्याच्या मनास शिवत नाहीत. ओढ्याचे पाणी उताराकडे धावते तसे ते गाते. वसंतरावांच्या ठायी ही उपजत, अंतःस्फूर्त वृत्ती विलक्षण होती. तीच पुढे दीर्घकाळ कचेरीच्या कागदांखाली दबून राहावयाची होती.

मधुकरी मागून जमविलेली विद्या

पुढील काही वर्षांत वसंतरावांनी विद्येसाठी जी भ्रमंती केली ती पाहिली म्हणजे जुन्या काळच्या माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण होते. एका घरी भात, दुसऱ्या घरी वरण, तिसऱ्या घरी भाजी, असे पाच घरचे अन्न एका झोळीत यावे तशी त्यांची विद्या जमली. ग्वाल्हेरची बैठक त्यांस सप्रे गुरुजींकडून मिळाली. किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने यांच्यापाशी ते शिकले. भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ व अंजनीबाई मालपेकर यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. फाळणीपूर्वीच्या काळात लाहोर येथे असद अली खाँ यांच्याकडे ते शिकले. खाँसाहेबांनी त्यांस मारवा हा एकच राग पुनःपुन्हा घोटून दिला असे सांगतात. एकच राग खरोखर कळला म्हणजे इतर रागांकडे पाहण्याची दृष्टी आपोआप येते, हे त्या तालमीचे मर्म. वसंतरावांचा मारवा पुढे रसिकांच्या हृदयात कायमचा घर करून बसला.

या सर्वांखेरीज त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला तो मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गायकीचा. दीनानाथांचे गाणे अचानक झेप घेणारे, तेजस्वी आणि अनपेक्षित होते. पुढचा स्वर कोठून येईल याचा अंदाज ऐकणारास लागत नसे. १९४२ साली दीनानाथ अकाली निवर्तले. पण त्यांच्या गाण्यातील ती वीज वसंतरावांच्या गळ्यात उतरली, असे जाणकार मानीत आले आहेत.

चोवीस वर्षांची नोकरी

परंतु विद्या म्हणजे उपजीविका नव्हे. १९४० नंतरचा काळ युद्धाचा व महागाईचा. राजाश्रय संपत आला होता. बोलपट आल्यापासून संगीत नाटक मंडळ्यांस उतरती कळा लागली होती. घरच्या जबाबदाऱ्या समोर होत्या. अशा स्थितीत वसंतरावांनी पुणे येथे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी धरली आणि सुमारे २४ वर्षे ती केली.

ही २४ वर्षे म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्याचे चित्र होय. सकाळी कचेरी, दिवसभर जमाखर्चाचे तक्ते, सायंकाळी घर. गाणे सर्वस्वी थांबले नव्हते. मैफली होत असत, आकाशवाणीवर गाणे होई, चित्रपटांसाठीही ते गात. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे रसिक मित्र त्यांच्या गाण्यावर जीव टाकीत. तबल्यावरही त्यांचा हात होता. तथापि दिवसाचा उत्तम प्रहर कचेरीस द्यावयाचा आणि उरलेसुरले बळ गाण्यास द्यावयाचे, असा हा व्यवहार होता. दरम्यान ईशान्य सीमेवरील नेफा प्रदेशात त्यांची बदली झाली. जेथे गाण्याची मैफल नाही, साथीदार नाही, श्रोता नाही, अशा दूरच्या मुलखात गवयाने जमाखर्च तपासीत बसावे, हा दैवाचा केवढा विनोद!

दुसरेही एक शल्य होते. शास्त्रीय संगीताच्या दरबारात प्रत्येक गवयास त्याचे घराणे विचारण्याची चाल आहे. अनेक गुरूंकडून विद्या घेतलेल्या वसंतरावांस एका घराण्याचे नाव सांगता येत नसे. कोणी त्यांस नाटकातले गाणे गाणारा म्हणे, कोणी त्यांच्या गाण्यात शिस्त नाही अशी नापसंती दर्शवी. आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. वरवर पाहता त्यात गर्व दिसतो. वस्तुतः सर्व गुरूंचे ऋण मान्य करून स्वतःच्या अंतःकरणातील स्वराशी इमान राखण्याचा तो निश्चय होता. मुलाच्या गळ्यातून निघणारे अकृत्रिम गाणे प्रौढपणी पुन्हा गावयाचे तर ही भीड प्रथम मोडावी लागते. कलेकडे परत येणाऱ्या माणसास वयापेक्षा ही भीडच अधिक अडविते, असा आमचा समज आहे.

पुनरागमन

१९६५ च्या सुमारास, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, वसंतरावांनी नोकरी सोडली व उर्वरित आयुष्य गाण्यास वाहिले. सर्वसामान्य माणूस ज्या वयात सेवानिवृत्तीच्या वेतनाचा हिशेब मांडू लागतो त्या वयात त्यांनी नवे आयुष्य आरंभिले. हा निर्णय त्यांनी भरीस पडून किंवा कर्तव्य टाकून घेतला नव्हता. २४ वर्षे संसाराचे देणे चुकविल्यानंतर त्यांनी स्वतःच्या गुणाचे देणे चुकविण्यास घेतले.

काळही अनुकूल होत चालला होता. १९६० साली विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ रंगभूमीवर आले, १९६३ साली ‘मंदारमाला’ आले, १९६४ साली वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ आले. मृतप्राय झालेले संगीत नाटक पुन्हा श्वास घेऊ लागले होते. अशा वेळी आपल्या नागपूरचे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक लिहिले. दारव्हेकर मास्तरांची रंजन कला मंदिर ही संस्था नागपुरातील जुन्या मंडळींस परिचित आहेच. जितेंद्र अभिषेकी यांनी नाटकास संगीत दिले, प्रभाकर पणशीकर यांच्या नाट्यसंपदा संस्थेने ते रंगभूमीवर आणिले आणि २४ डिसेंबर १९६७ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांनी केली.

या नाटकाचे कथानक आपल्या विषयाशी निकटचा संबंध राखते म्हणून थोडक्यात सांगतो. एका संस्थानात राजगायकाच्या पदासाठी स्पर्धा असते. विजेत्यास पद, हवेली आणि एक कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. खाँसाहेब वर्षानुवर्षे पंडित भानुशंकरांकडून हरत आलेले असतात. अखेर पद त्यांच्या हाती येते. परंतु मनातील सल जात नाही. पंडितजींच्या परंपरेतील सदाशिव हा तरुण विद्या मागण्यास येतो, तेव्हा आपल्या घराण्याची विद्या परक्यास देणे नाही असा हट्ट ते धरतात. त्या तरुणास चोरून ऐकत विद्या मिळवावी लागते. विद्या झाकून ठेवावी की वाटून टाकावी, हा या नाटकाचा खरा प्रश्न आहे.

नियतीचा योग असा की, ज्या गवयास घराणे नाही म्हणून हिणविले गेले, त्याच्याच वाट्यास घराण्याच्या अभिमानाने जळणाऱ्या खाँसाहेबांची भूमिका आली. वसंतरावांनी खाँसाहेबांचा अहंकार, त्यांची तडफड आणि त्यांच्या गाण्यातील आग अशी काही उभी केली की प्रेक्षक स्तब्ध होऊन जात. या नाटकाचे शेकडो प्रयोग झाले. कचेरीतील २४ वर्षांत जे साठून राहिले होते ते जणू बांध फुटून वाहू लागले. शंकरराव सप्र्यांची शिस्त, लाहोरचा मारवा, पंजाबी अंगाच्या ठुमरीतील हरकती, दीनानाथांची झेप, हे सारे एकाच गळ्यातून, पूर्वयोजनेवाचून, त्या क्षणाच्या प्रेरणेने निघत असे. ख्याल, ठुमरी, दादरा, टप्पा, नाट्यपद, गझल यांपैकी कोणताही प्रकार त्यांनी हलका मानला नाही. १९७९ साली आलेल्या ‘अष्टविनायक’ चित्रपटातील त्यांचे गाणे तर ज्यांनी कधी मैफल ऐकली नाही अशा घरांतही पोहोचले. मुलीच्या पाठवणीच्या वेळी ते आजही लग्नघरांत लावितात आणि वडील मंडळी डोळे टिपतात.

विद्येचे दान

नाटकातील खाँसाहेबांनी विद्या झाकली. ती भूमिका करणाऱ्याने ती मोकळ्या हाताने वाटली. मराठी नाट्यसंगीत कसे घडले, कोणत्या चाली कोठून आल्या, जुन्या नटांची गायकी कशी होती, हे ते प्रत्यक्ष गाऊन उलगडून दाखवीत असत. अशा सप्रयोग व्याख्यानांस केवळ गवई येत नसत. सामान्य गृहस्थ, गृहिणी व विद्यार्थी येत आणि आपणांसही गाणे कळू शकते असा धीर घेऊन परत जात. गाणे हे ठराविक घरांचे वतन नव्हे हा विश्वास लोकांत निर्माण करणे, ही लहान सेवा नव्हे. चंद्रकांत लिमये, विजय कोपरकर इत्यादी शिष्य त्यांच्यापाशी शिकले आणि त्यांनी आपापल्या परीने ती विद्या पुढे नेली.

१९८२ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांस लाभला. मान्यता आली ती अशी उत्तरायुष्यात आली, आणि तिचा उपभोग घेण्यास फार अवधी मिळाला नाही. ३० जुलै १९८३ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे त्रेसष्ट वर्षांचे होते. नोकरी सोडल्यापासून त्यांस उणीपुरी अठरा वर्षे मिळाली. परंतु महाराष्ट्र ज्या वसंतरावांस ओळखतो ते बहुतांशी या अठरा वर्षांतील वसंतराव होत.

त्यांचे नातू राहुल देशपांडे त्या वेळी अवघ्या चौथ्या वर्षात होते. आजोबांपुढे बसून शिकण्याचा योग त्यांस आला नाही. तरीही त्यांनी आजोबांचे गाणे आत्मसात केले, ‘कट्यार’मधील खाँसाहेबांची भूमिका रंगभूमीवर पुन्हा उभी केली आणि २०२२ साली प्रदर्शित झालेल्या ‘मी वसंतराव’ या चित्रपटात आजोबांचीच भूमिका केली. नागपूर शहरानेही आपल्या या पुत्राची आठवण ठेविली. सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आपणां सर्वांच्या येण्याजाण्याचे आहे. त्या सभागृहात आपण कितीदा तरी बसलो असू. पण ज्यांचे नाव दारावर आहे त्यांनी पंचेचाळिशीत पुन्हा आरंभ केला होता, हे किती जणांच्या ध्यानी असते?

आपणांस बोध

उत्तरवयात कलेकडे वळणे ही काही एकट्या वसंतरावांची गोष्ट नव्हे. कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर यांनी साठी ओलांडल्यावर चित्रकलेस गंभीरपणे हात घातला. कवितेच्या हस्तलिखितातील खाडाखोड जोडता जोडता त्यांस आकार दिसू लागले, आणि १९३० साली पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. अमेरिकेतील ॲना मेरी मोझेस या शेतकरी आजीबाईंनी तर पंचाहत्तरी उलटल्यावर चित्रे काढण्यास खरा आरंभ केला आणि १०१ वर्षे जगून १९६१ साली त्या निवर्तल्या. यांपैकी कोणीही परीक्षेस बसण्यासाठी कुंचला धरला नव्हता.

वाचकहो, वसंतरावांसारखी प्रतिभा प्रत्येकास लाभत नाही हे आम्ही जाणतो. नोकरी सोडून द्यावी असाही आमचा उपदेश नाही. ज्याच्या माथी कर्ज आहे, घरी लहान मुले आहेत, त्याने प्रथम आपले कर्तव्य पार पाडावे. वसंतरावांनीही तेच केले. आमचे म्हणणे एवढेच की, कर्तव्य संपले तरी गुण संपत नाही. तो पलंगाखालील पेटीत निमूटपणे वाट पाहत असतो. भात्याला चार ठिगळे लावावी लागतील, बोटे प्रथम अडखळतील, शेजारी हसतील. हसू द्यावे.

आणि आपल्या कुटुंबांतील आयाबायांस विशेष विनंती अशी की, मुलाच्या अंगचा गुण परीक्षेच्या गुणांखाली गाडला जात नाही ना, याकडे राधाबाईंच्या दृष्टीने पाहावे. एकटीने संसार ओढणाऱ्या त्या बाईस मुलाचे गाणे ही चैन वाटली नाही. आपली स्थिती तिच्याहून खचित बरी आहे.

पुढील वार्षिक संमेलनात साठीच्या पुढील सभासदांसाठी करमणुकीच्या कार्यक्रमात काही वेळ राखून ठेवावा, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे मांडणार आहोत. त्यात बक्षीस नसावे, परीक्षक नसावेत. कोणी अभंग म्हणावा, कोणी पेटी वाजवावी, कोणी रांगोळी घालावी, कोणी आपली जुनी चित्रे आणून भिंतीस टांगावी. बेसूर झाले तरी टाळ्या वाजविण्याचे काम तरुण मंडळींनी करावे. कै. वसंतरावांच्या स्मृतीस नागपुरातील एका लहानशा मंडळाकडून याहून योग्य अशी दुसरी आदरांजली आम्हांस सुचत नाही.